भोंगाकाकांना दम लागला

जोर

"गुडघे वर! बाबा, गुडघे म्हटलं मी, भुवया नाही!"

उसंत

सकाळची वेळ. दिवाणखान्यातला सोफा भिंतीला लावलेला, गालिचा गुंडाळून कोपऱ्यात उभा केलेला आणि मोकळ्या झालेल्या जागेच्या मधोमध भोंगाकाका. आपलं जागेवर धावणं चालू आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. नवख्या माणसाला ते कुणाची तरी वाट बघत उभे आहेत असं वाटलं असतं.

काका बोटीच्या धक्क्यावर निवेदक होते. बोट आली, बोट सुटली, बोटीला उशीर आहे, कठड्यावरून वाकू नका, हे सगळं प्रवाशांना सांगायचं काम त्यांचं. आवाज खर्जातला, भरदार, तुपात बुडवून काढल्यासारखा. त्यावरून धक्क्यावरच्या हमालांनी त्यांना भोंगाकाका केलं आणि आता बायकोसुद्धा रागावली की तेच म्हणायची. सगळा जन्म खुर्चीत बसून बोलण्यात गेला होता. त्यात व्यायाम झाला तो फक्त जिभेला. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी त्यांच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "हृदय चांगलं आहे हो, पण आळशी झालंय. त्याला जरा पळवा."

पळवायची जबाबदारी लेकीनं घेतली. ती फिजिओथेरपिस्ट होती आणि लोकांचे अवयव त्यांच्या मनाविरुद्ध हलवणं हा तिचा रोजचा धंदा होता. तिनं बापाला समजावलं होतं, "अर्धं मिनिट जीव खाऊन धावायचं. मग अर्धं मिनिट सावकाश. परत जीव खाऊन. हृदयाला वर न्यायचं, खाली आणायचं, परत वर न्यायचं. थोडाच वेळ, पण मनापासून."

यातला सावकाशचा भाग काकांना पहिल्याच दिवशी उत्तम जमला.

"अहो, तुम्ही या जगात कुणाचं ऐकता तरी का?" बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"ऐकतो की."

"कुणाचं?"

काका विचारात पडले. त्या निमित्तानं धावणंही थांबलं.

"मी सांगते. स्वतःचं. बोलायला लागले की डोळे मिटून ऐकत बसतात."

हे बायकोनं टोमणा म्हणून म्हटलं होतं, पण लेकीचे डोळे चमकले. "बाबा, मग तुमच्याच आवाजात रेकॉर्ड करा ना! धावा, थांबा, सगळं. स्वतःला तरी नाही म्हणणार नाही ना तुम्ही?"

जोर

काका जागेवर धावत होते म्हणजे पाय धावत होते, डोकं मात्र धक्क्यावर अडकलं होतं, कारण तिकीटखिडकीवरच्या बाईंनी काल खालच्या आवाजात सांगितलं होतं की वरच्या ऑफिसात काकांच्या जागी मशीन बसवायचं घाटतंय, बोलणारं मशीन, पगार न घेणारं, न शिंकणारं, आणि त्यासाठी एक अधिकारी येणार आहे, साध्या कपड्यांत, प्रवाशांत मिसळून बसणार आहे, आणि बघणार आहे की हा माणूस एवढा बोलतो ते कुणी ऐकतं तरी का.

उसंत

ऐकत कुणीच नव्हतं. ते काकांइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

त्यांची केबिन धक्क्याच्या वेटिंग हॉलवर होती. लोखंडी जिना चढून गेलं की काचेची खोली, खुर्ची, माईक, बटणांचं पॅनेल. काच हॉलच्या बाजूला. त्या काचेतून काका रोज बघायचे. ते म्हणायचे, "प्रवाशांनी आपल्या सामानाकडे लक्ष द्यावे," आणि खाली लोक सामानावर डोकं ठेवून घोरायचे. ते म्हणायचे, "धक्क्याच्या कडेला उभे राहू नये," आणि चार माणसं उठून कडेला जाऊन उभी राहायची. एकदा कंटाळून ते आपल्या त्याच भरदार आवाजात म्हणाले होते, "आजची शेवटची बोट चंद्रावर जाईल." हॉलमध्ये पान हललं नाही. फक्त एका गृहस्थानं तिकीटखिडकीवर जाऊन विचारलं, "परतीची सोय आहे का?"

अशा जनतेसमोर अधिकाऱ्याची परीक्षा. काका घरी यातलं एक अक्षर बोलले नव्हते. आवाज गेला तर आपल्यापाशी उरतं काय, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाही मोठ्यानं विचारला नव्हता.

लेकीचं मात्र त्यांनी ऐकलं. दुपारच्या रिकाम्या वेळात केबिनचं दार लावून त्यांनी पॅनेलवरच्या एका मोकळ्या बटणावर रेकॉर्डिंग केलं. माईक चांगला, खोली शांत. अडचण एकच आली. सुरुवातीची घंटा वाजल्याशिवाय काकांच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी त्यांनी घंटाही घेतली. मग घंटेपाठोपाठ जे यायचं ते आलंच:

"टिंग टाँग. कृपया लक्ष द्या. सर्वांनी जागेवर धावण्यास सुरुवात करावी. गुडघे कमरेपर्यंत यावेत. वृद्धांनी आपापल्या प्रकृतीनुसार धावावे. सामानाची काळजी घ्यावी."

रेकॉर्डिंग परत ऐकताना काकांच्या अंगावर काटा आला. काय आवाज होता! हा माणूस म्हणेल तर आपण भिंतीवरसुद्धा चढू, असं त्यांना वाटलं.

जोर

आणि धुकं पडलं.

उसंत

असं धुकं की धक्का होता, पुढे समुद्र असावा असा नुसता समज होता. बोट कुठेतरी मध्येच थांबली होती आणि अधूनमधून म्हशीसारखी रेकत होती. इकडे हॉल गच्च भरला. थंडीनं लोक आखडून बसले होते. खांद्यावर गुंडाळलेला गालिचा घेतलेला एक दुकानदार, पिंजऱ्यात पोपट घेऊन निघालेल्या दोन बहिणी, एकमेकांशी न बोलणारं एक नवरा-बायकोचं जोडपं, काठीवर हनुवटी टेकवून बसलेले आजोबा, दाराशी ड्युटीवरचा मिशाळ हवालदार. आणि खांबापाशी तपकिरी कोटातला एक सडपातळ गृहस्थ. तो घोरत नव्हता, वाचत नव्हता, फोन बघत नव्हता. तो नुसता ऐकत होता. काकांचं त्याच्याकडे लक्ष गेलं नाही, कारण केबिनची काच धुक्यानं पांढरी झाली होती.

बोटीला उशीर असल्याचं काकांनी तीनदा सांगून टाकलं. नवीन सांगायला काही नव्हतं. मग त्यांना लेकीची आठवण झाली. तिनं सकाळीच बजावलं होतं, "आज चुकवलंत तर मी धक्क्यावर येईन." ती खरंच आली असती. काकांनी बूट घट्ट बांधले, खुर्ची बाजूला सारली, काचेकडे पाठ केली.

पॅनेलवर दोन खटके होते. एक आतला, केबिनमधल्या छोट्या स्पीकरचा. दुसरा बाहेरचा, हॉलमधल्या सगळ्या कर्ण्यांचा. काकांना लावायचा होता आतला. तो त्यांनी लावला. पण त्यांचा उजवा हात गेली कित्येक वर्षं बोलण्याआधी बाहेरचा खटका वर करत आला होता. काका तो खटका वर करत नसत, हात करायचा. जसं आपण झोपेत कूस बदलतो तसं. त्या दिवशीही हातानं आपलं काम चोख बजावलं आणि काकांना कळवलं नाही.

मग त्यांनी बटण दाबलं.

जोर

टिंग टाँग, आणि काका धावायला लागले, खरंच धावायला लागले, कारण आवाजच तसा होता, गुडघे कमरेपर्यंत यावेत म्हणाला आणि गुडघे आले, अजून वर म्हणाला आणि अजून वर आले, डोळे मिटलेले, पोट हेलकावे खातंय, आणि कानांत एक धडधड, आधी बारीक, मग मोठी, मग एवढी मोठी की पॅनेलवरचं पेन्सिलचं भांडं नाचायला लागलं, काच थरथरली, पायाखालची लोखंडी फरशी घुमायला लागली, आणि काका धावता धावता थक्क झाले, हे माझं हृदय?, हे एवढं?, हे आळशी म्हणतात ते हे?

उसंत

"थांबावे. सावकाश चालावे. दीर्घ श्वास घ्यावा."

काका सावकाश चालू लागले. धडधडही सावकाश झाली. त्यांचे डोळे भरून आले. आयुष्यभर छातीत एवढा मोठा ऐवज बाळगला आणि आपल्याला पत्ता नाही! डॉक्टरांना आत्ता इथे बोलवायला हवं होतं. ऐका म्हणावं, नळीशिवाय ऐका.

खाली काय झालं होतं, ते असं.

घंटा वाजली तेव्हा नेहमीप्रमाणे कुणीच ऐकलं नाही. हवालदारानं मात्र ऐकलं. सरकारी आवाजात हुकूम झाला की पाय उचलायचे, हे त्याच्या हाडांत भिनलेलं होतं. तो दाराशी जागेवर धावायला लागला. हवालदार धावतोय म्हटल्यावर शेजारचा दुकानदार गालिच्यासकट उठला.

"काय झालं हो?"

"धावायचंय."

"का?"

"सांगितलंय ना वरून!"

हे 'वरून' हॉलभर पसरलं. पोपटवाल्या बहिणी उठल्या. "ताई, थंडी तरी जाईल," धाकटी म्हणाली. आजोबांनी काठी बगलेत मारली आणि आपल्या प्रकृतीनुसार धावू लागले, कारण त्यांचा सूचनेत खास उल्लेख झाला होता आणि असा उल्लेख बऱ्याच वर्षांत कुणी केला नव्हता. न बोलणाऱ्या जोडप्यातली बायको उठली. नवरा बसून राहिला. "तुम्हाला वेगळं आमंत्रण हवं का?" ती म्हणाली. हे तिचं त्या दिवसातलं पहिलं वाक्य. नवरा आनंदानं उडी मारून उठला.

आणि तपकिरी कोटातल्या गृहस्थानं कोटाची बटणं लावली, चष्मा खिशात ठेवला आणि नियमाप्रमाणे गुडघे कमरेपर्यंत आणायला सुरुवात केली.

जोर

"पुन्हा धावावे! मागच्यापेक्षा जोरात! कुणीही मागे राहू नये!" आणि पुन्हा ती धडधड, आता आणखी मोठी, छतावरून धूळ पडायला लागली, पोपट ओरडायला लागला, टेलिफोन वाजला, काकांनी धावतच उचलला, "काका! काका, काय लावलंय हे?" तिकीटबाई किंचाळत होत्या, "माझी खिडकी हलतेय!", "माझं हृदय आहे ते बाई!" काका अभिमानानं ओरडले, "हृदय कसलं, बाहेर बघा आधी!", आणि काकांनी धावता धावता बाहीनं काच पुसली.

(इथे उसंत यायला हवी होती. आली नाही.)

सगळा हॉल उडत होता. गालिचा, पोपट, काठी, मिशा, पिशव्या, टोप्या. गच्च भरलेला हॉल एकाच वेळी वर जात होता आणि एकाच वेळी खाली येत होता. पाय टेकला की भिंती हुंकारत होत्या. लाल गाल, उघडी तोंडं, आणि कुणीही घोरत नव्हतं.

काका काचेला नाक लावून उभे राहिले. बोटी येताना त्यांनी पाहिल्या होत्या, वादळं पाहिली होती, पण असं काही पाहिलं नव्हतं. हे आपण केलं? आपल्या तोंडच्या शब्दांनी? ते भारावून गेले. मग हळूहळू त्यांना दुसरी एक गोष्ट सुचली. आजोबा. कुणी पडलं तर? कुणाला काही झालं तर? आणि तो अधिकारी याच गर्दीत कुठे असला तर?

त्यांनी झेप घेऊन रेकॉर्डिंग बंद केलं.

ते बंद झालं नेमकं "गुडघे वर" आणि पुढचा शब्द यांच्यामध्ये.

उसंत (नावापुरती)

हॉल एका पायावर थांबला. सगळ्यांचा एक गुडघा वर. शेकडो चेहरे कर्ण्यांकडे वळले. पोपटसुद्धा गप्प झाला.

लेक काय म्हणाली होती ते काकांना लख्ख आठवलं. एकदम थांबायचं नाही, बाबा. हळूहळू खाली आणायचं. नाहीतर चक्कर येते. आता एवढ्या लोकांना हळूहळू खाली आणायचं होतं आणि त्यासाठी रेकॉर्डिंग नव्हतं, होता फक्त माईक. काका माईकपाशी वाकले. नेहमीसारखा छातीत श्वास भरला. तोंड उघडलं.

आवाज आला नाही.

जो आवाज सर्दीत गेला नाही, लग्नात रडून गेला नाही, सासऱ्यांपुढे गेला नाही, तो त्या क्षणी गेला. आयुष्यात पहिल्यांदा काकांना खरोखर दम लागला होता. घशातून निघाली ती नुसती हवा.

"हाऽऽ..."

सगळ्या कर्ण्यांतून ती हवा हॉलभर गेली. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं.

"हाऽऽ..." काका म्हणाले. त्यांना "हळूहळू" म्हणायचं होतं.

"हाऽऽ," हवालदार म्हणाला, कारण ते वरून आलं होतं.

"हाऽऽ," हॉल म्हणाला.

काकांनी श्वास आत घेतला. हॉलनं घेतला. काकांनी सोडला. हॉलनं सोडला, आणि तो एवढा मोठा होता की काचेवर पुन्हा वाफ धरली. वर गेलेले गुडघे एकेक करून खाली आले. गालिचेवाल्यानं गालिचा उतरवला. न बोलणाऱ्या नवऱ्याचा हात बायकोच्या खांद्यावर होता आणि दोघं मिळून एकच श्वास घेत असल्यासारखी दिसत होती. काका घेत होते, सोडत होते, आणि खाली तो अवाढव्य प्राणी, शेकडो तोंडांचा, त्यांच्याबरोबर फुगत होता, ओसरत होता. बाहेर धुक्यातली बोटसुद्धा रेकायची थांबली होती. काकांना वाटलं, आपण बोलत होतो तेव्हा यातलं काहीच झालं नाही. आज तोंडातून शब्द फुटत नाही, तर हे.

थोड्या वेळानं थोडी जीभ हलू लागली. तिच्यावर जे वाक्य सगळ्यात जुनं होतं तेच आलं.

"पुढील... सूचना... मिळेपर्यंत," काका धापा टाकत म्हणाले, "सावकाश... चालत राहावे."

हॉल सावकाश चालू लागला.

मग धुकं विरलं आणि बोट आली. धक्क्याला लागली. फळी पडली, दार उघडलं. आजवर अशा वेळी जी रेटारेटी व्हायची तिच्यात दोन-चार चपला आणि एखादी मैत्री कायमची हरवायची. आज बोटीकडे कुणी फिरकलं नाही. सगळे जागेवर चालत होते आणि वर बघत होते. कप्तानानं एकदा भोंगा वाजवला, मग दुसऱ्यांदा, जरा दुखावल्यासारखा.

टेलिफोन वाजला. "काका, अहो सोडा आता त्यांना!" तिकीटबाई म्हणाल्या.

"प्रवाशांनी..." काकांनी दम घेतला, "बोटीत... बसावे. सावकाश."

आणि प्रवासी रांगेनं, सावकाश, आजोबांना पुढे घालून बोटीत बसले. पायरीवर वळून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. बोट सुटली. हॉल रिकामा झाला. काका खुर्चीत कोसळले. नोकरी गेली, त्यांनी मनाशी म्हटलं. पण काय दिसलं! काय दिसलं आज!

जोर

लोखंडी जिन्यावर पावलं वाजली, ठाक ठाक ठाक ठाक, वर आली, पण वर आल्यावरही थांबली नाहीत, आणि दार उघडलं तर दारात तपकिरी कोट, केस कपाळाला चिकटलेले, हातात चष्मा, आणि तो माणूस उंबऱ्यावर उभ्या उभ्या जागेवर चालतोय, डावा, उजवा, डावा, उजवा.

उसंत

"मी वरच्या ऑफिसातून आलोय," तो चालता चालता म्हणाला. "निरीक्षक."

काका उठून उभे राहिले. "साहेब, बसा ना."

"बसता येत नाही." डावा, उजवा. "पुढील सूचना मिळेपर्यंत चालायचं, असं सांगितलंय तुम्ही. नंतरची सूचना प्रवाशांसाठी होती. मी प्रवासी नाही. मला अजून काहीच सांगितलेलं नाही."

माणूस गंभीर होता. सूचना म्हणजे सूचना, यापलीकडे आयुष्यात काहीही न मानणारा, असा चेहरा.

"सतरा धक्के बघितले मी," निरीक्षक म्हणाला. "मशीनचे आवाज ऐकले. एकदम स्वच्छ. गोड. कुणी ढुंकून बघत नाही. आज मी..." त्याला धाप लागली. "आज मी स्वतः उड्या मारल्या. मला उड्या माराव्याशा वाटल्या! आणि नंतर तुम्हाला जो दम लागला ना... तो खालपर्यंत आला. मशीनला दम लागत नाही हो. तिथेच सगळं अडतं."

"म्हणजे साहेब..." काकांचा आवाज अजून पुरता आला नव्हता.

"आधी मला थांबायला सांगा. पोटऱ्या भरून आल्यात."

काकांनी तोंड उघडलं. 'थांबा' हा शब्द अगदी जिभेच्या टोकावर होता. आणि मग जन्मभर खालमानेनं वरच्या ऑफिसची पत्रं वाचलेल्या त्या माणसाच्या मनात, कुठून कोण जाणे, एक विचार आला. त्यांनी तोंड मिटलं. खुर्ची ओढून घेतली. तीत सावकाश बसले.

"मशीन बसवताय का, साहेब?"

"अहो, नाही बसवत!"

"नक्की?"

"नक्की!" डावा, उजवा. "आजच कळवतो वर!"

"कोणत्याच धक्क्यावर?"

"ते माझ्या हातात नाही हो!"

काकांनी काचेवरचा एक डाग बोटानं पुसला.

"बरं बरं, शिफारस करतो!" निरीक्षक कळवळून म्हणाला. "कुठेच नको म्हणून लिहितो! आता तरी सांगा!"

काकांनी माईक जवळ ओढला. या वेळी बाहेरचा खटका त्यांनी स्वतः, बघून, वर केला. घंटा वाजवली. रिकाम्या हॉलवर, धक्क्यावर, समुद्रावर तो आवाज पसरला, खर्जातला, भरदार, थोडा अजून धापा टाकणारा.

"कृपया लक्ष द्या. केबिनच्या दारात उभ्या असलेल्या साहेबांनी... आता थांबायला हरकत नाही."